वय 25, दिसणं पंधराचं: तपासणी कधी करावी?

मानवतहून परभणीला जाताना एसटीत कुणी 'बाळा, कितवीला आहेस?' असं विचारतं का? दाढी-मिशी आली असेल, आवाज फुटला असेल, मुलींची पाळी नियमित असेल, तर बहुधा काळजी नको. चेहऱ्याची ठेवण घराण्यातून येते. मामा-मावशीचे जुने फोटो पाहा.

मात्र 14 उलटूनही मुलाच्या आवाजात, अंगावरच्या केसांत बदल नसेल, किंवा 15 पूर्ण होऊनही मुलीला पाळी आली नसेल, तर थांबू नका. वयात आणणारी संप्रेरकं कमी असू शकतात. ती तशीच राहिली तर हाडं ठिसूळ होतात. जन्मापासून वास येत नसेल तर तेही सांगा. कालमन सिंड्रोममध्ये असं होतं. टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन, एलएच, एफएसएच, थायरॉइड, गरजेनुसार गुणसूत्रं, अशा तपासण्या होतात.

'लग्न लावून द्या, होईल ठीक' हा सल्ला ऐकू नका. दोन घरं अडचणीत येतात. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनंही परस्पर घेऊ नका, त्यानं शुक्राणू बनणं थांबू शकतं. मूल हवं असेल तर उपचार वेगळे असतात, म्हणून ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.