रॉक बँडच्या कव्हरवर पिठाची गिरणी!

माहीत आहे का, हेवी मेटलमधल्या सगळ्यात गाजलेल्या, अंगावर काटा आणणाऱ्या फोटोत चक्क एक पिठाची गिरणी आहे?

तारीख 13 फेब्रुवारी 1970. वार? अर्थातच शुक्रवार! ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला. कव्हरवर काळ्या झग्यातली तरुणी आणि तिच्या मागे जुनाट पाणचक्की. झाडंझुडपं अशी विचित्र गुलाबी का? कॅमेऱ्यात इन्फ्रारेड फिल्म होती! ती तरुणी कोण, हे जगाला कळायला 2020 उजाडलं.

दगडावर दगड फिरवणारी गिरणी रॉकच्या कव्हरवर. याहून शोभेल असं काय असणार?

पत्ता घ्या लिहून: मेपलडरहॅम, ऑक्सफर्डशायर, थेम्सचा काठ. इथे गिरणी असल्याची नोंद थेट 1086 च्या डोम्सडे बुक या जमिनींच्या नोंदवहीत! आजच्या इमारतीचे सगळ्यात जुने भाग 15 व्या शतकातले. 1670 च्या दशकात धंदा वाढला, तसं दुसरं चाक आलं. 1777 मध्ये कोठार बांधलं. का? लंडनला माल पाठवायचा होता, तोही होडीतून!

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चाक थांबलं. म्हणजे त्या कव्हरवर दिसते ती बंद पडलेली गिरणी.

आता फिल्मी ट्विस्ट! 'द ईगल हॅज लँडेड' (1976) या युद्धपटात हीच गिरणी झळकली. शूटिंगसाठी तिला खोटं चाक बसवलं होतं. आणि लगेच 1977 मध्ये डागडुजी होऊन खरं चाकही फिरू लागलं! हा योगायोग मला फार आवडतो.

माहीत आहे का, इंग्लंडच्या गिरण्यांत धान्याची पन्हळ हलवणाऱ्या दांड्याला 'डॅमझेल' म्हणजे तरुणी म्हणतात? दिवसभर बडबडल्यासारखा खडखडाट, म्हणून!

मेपलडरहॅमची गिरणी ही थेम्सवर अजून पीठ दळणारी शेवटची गिरणी. जुना थाट, पण शेजारी आर्किमिडीजचा स्क्रू वीजही बनवतो. या स्क्रूचं मूळचं काम पाणी वर चढवायचं. इथे वरून पडणारं पाणीच त्याला फिरवतं.

आतला नजारा तर लाजवाब. जात्याच्या वरच्या दगडाच्या भोकातून गहू ओघळतो, कडेने पीठ झरतं. दळणारा चिमूटभर पीठ अंगठ्यावर चोळून बघतो. जाड लागलं? मग दोन दगडांतलं अंतर केसभर कमी!