देवराईतला पाचोळा

"एवढीशी राई, तिथं असून असून काय असणार?" हे वाक्य पुष्कळदा कानावर येतं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याची देवराई जेमतेम अडीच हेक्टरांची. पण तिच्या चिखलात रानजायफळाची मोठाली झाडं उभी आहेत. पाण्याखालच्या मातीत हवा मिळत नाही, म्हणून त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि बाहेर श्वास घेतात. जायफळाच्या अशा दलदली पश्चिम घाटात आता तुरळकच उरल्या आहेत. कितीतरी जागी भाताची खाचरं आणि सुपारीच्या बागा झाल्या. ही वाचली, कारण गावानं ती देवाची मानली. २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

देवराईला कुणी हातच लावत नाही, हेही पूर्ण खरं नाही. औषधापुरती साल, पाला किंवा झऱ्याचं पाणी पुष्कळ गावं घेत आली आहेत. मोठं झाड लागलंच, तर आधी देवाला कौल लावायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना झाडांइतकेच गावांचे हे नियमही महत्त्वाचे वाटले.

मला खरी धास्ती वाटते ती चांगल्या मनानं होणाऱ्या कामांची. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे राईची सेवा, असं समजून सभामंडपासाठी जुनी झाडं पडतात, फरशी येते, पाचोळा झाडून जाळला जातो. तो पाचोळा कचरा नव्हे. त्यातच बी रुजतं, बेडूक आणि गोगलगायी ओलाव्याला राहतात, बुरशी पानांची माती करते. पोकळ, म्हातारा बेहडाही निरुपयोगी नसतो. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते. नर फटीतून फळं भरवत राहतो. याच पक्ष्यांमुळे रानातल्या मोठ्या बिया दूरवर पोचतात. मंडप राईबाहेरच्या मोकळ्या जागी उभारता येतो. शंभर वर्षांची ढोली कुठून आणणार?

"झाडं तोडली तर दुसरी लावू" हा दिलासाही फसवा आहे. रानजायफळाचं बी वाळलं की मरतं, साठवून ठेवता येत नाही. ते ओल्या सावलीत पडलं तरच रुजतं, आणि ती सावली जुन्या झाडांचीच असते.