अटी मान्य, म्हणजे संमती?

एखादं अ‍ॅप वापरताना माणूस कुठे अडखळतो, कुठे वैतागतो, हे आता कृत्रिम बुद्धिमत्ता शोधून देते. मग मर्यादा कुठली? आपण एक जुनं उदाहरण घेऊ. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांवर प्रयोग केला. काहींसमोर आनंदी मजकूर कमी येऊ दिला, काहींसमोर दुःखी. आणि मग ते स्वतः कसं लिहितात, हे संगणकाकडून मोजून घेतलं. परिणाम किरकोळच निघाला. पण २०१४ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि गदारोळ उठला, कारण त्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. संशोधकांचं म्हणणं, खातं उघडताना अटी मान्य केल्या होत्या की!

कांट १७८५ मध्ये सांगून गेला, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला 'केवळ' महत्त्वाचा. मुलाखतींचा गोषवारा यंत्राने जरूर काढावा. मात्र अ‍ॅपबद्दल बोलायला आलेला माणूस आपला चेहरा वाचून घ्यायला आलेला नसतो. म्हणून आपण स्वतःला दोन प्रश्न विचारू: हे त्याला समोर बसवून सांगता येईल का? तो 'नको' म्हणाला, तर आपण थांबू का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तरच पुढे जावं.