कांतीसाठी निवडलेला दगड

सिसिलीत पालेर्मोच्या पुरातत्त्व संग्रहालयात सेलिनुंटे इथल्या ग्रीक मंदिरातली काही शिल्पं ठेवली आहेत. काळ इ. स. पूर्व 460च्या आसपासचा. त्यातल्या एका शिल्पात देवराज झ्यूस बसला आहे आणि समोर उभ्या पत्नीचं, हेराचं मनगट त्याने धरलंय. झ्यूस पिवळसर चुनखडकातच कोरलेला. हेराचा चेहरा, हात आणि पावलं मात्र पांढऱ्या संगमरवरात वेगळी घडवून त्या खडकात बसवली आहेत. सांधे आजही दिसतात. हा संगमरवर पार एजियन समुद्रातल्या पारोस बेटावरून आणलेला. स्त्रीची कांती उजळ दाखवायचा ग्रीक कलेतला संकेत होता, हे खरं. पण नुसता पांढरा रंग हवा असता, तर चुन्याचा गिलावाही चालला असता.

मग इतक्या दुरून संगमरवरच का आणला? उत्तर दगडाच्या पोटात आहे. चुनखडक जमिनीखालच्या उष्णतेत आणि दाबाखाली सापडला, की त्यातलं कॅल्साइट नव्याने स्फटिकरूप घेतं, तोच संगमरवर. पारोसच्या उत्तम प्रतीच्या दगडातलं कॅल्साइट फार शुद्ध असतं. ताज्या तुटलेल्या कडेवर त्याचे दाणे खडीसाखरेसारखे चमकतात. प्रकाश या दाण्यांतून आरपार जातो. तो विखुरतो मुख्यतः दाण्यादाण्यांमधल्या सीमांवर. दाणे मोठे आणि घट्ट बसलेले असले, की सीमा कमी आणि किरण खोलवर शिरतात. पारोसच्या दगडात ही खोली साधारण 3.5 सेंटिमीटर धरतात. अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर ज्यातून उभं राहिलं, त्या पेंटेली डोंगराच्या बारीक दाण्याच्या संगमरवरात ती 1.5च भरते.

आत गेलेले किरण भटकत भटकत शेजारून कुठून तरी बाहेर पडतात. त्यामुळे सावलीची कड मऊ होते आणि गाल आतून उजळल्यासारखा वाटतो. आपल्या त्वचेतही हेच घडतं. 2001 साली हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी संगणकचित्रांसाठी या प्रकाशाचं गणित मांडलं, तेव्हा संगमरवर, दूध आणि माणसाची त्वचा त्यांनी एकाच सूत्रात बसवली. ग्रीक शिल्पकारांना हे डोळ्यांनी उमगलं होतं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

हा दगड मिळवणं सोपं नव्हतं. पारोसवर माराथी इथे डोंगरात तिरके बोगदे खणून तो काढत. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की दिव्यांच्या उजेडात काढतात म्हणून त्याला ‘लिख्नितेस’ म्हणत. अर्थात तो जपून वापरला जाई. ऑलिंपियाच्या झ्यूसमंदिराचे खांब स्थानिक चुनखडकाचे, वर गिलावा दिलेले. शिल्पं मात्र पारोसच्या दगडात. मिलोसची व्हीनस आणि सामोथ्राकेची पंख पसरलेली विजयदेवताही याच दगडातली.

या मूर्ती रंगवलेल्या असत, हे मात्र विसरून चालणार नाही. 1972 साली अथेन्सजवळ मेरेंदा इथे फ्रासिक्लेआ नावाच्या तरुणीची जमिनीत पुरलेली मूर्ती सापडली. शिल्पकार पारोसचाच, अरिस्तिओन. तिच्या वस्त्रावर तांबडा रंग अजून टिकून आहे. उघड्या अंगाची निगा वेगळी असे. रोमन वास्तुविशारद विट्रुवियसने त्याच्या काळातली पद्धत नोंदवली आहे: संगमरवरी मूर्तीच्या अनावृत भागांवर मेणबत्ती आणि स्वच्छ फडकी घासून झिलई आणत. मेणाने पृष्ठावरचे बारीक ओरखडे भरून निघतात, वरच्या वर विखुरणारा प्रकाश कमी होतो आणि अधिक प्रकाश दगडात उतरतो.