रेल्वे गेली, सायकल आली

अमेरिकेतील एका बंद पडलेल्या वाटेचा व्यापारी हिशेब

वाट वळली की बाजार वळतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. एस.टी.चा थांबा हलला की चहाचे दुकान बसते. गावाबाहेरून नवा रस्ता गेला की जुन्या नाक्यावरचा गॅरेजवाला माशा मारत बसतो. अशा वेळी बहुतेक जण दोनच उपाय मानतात. नव्या रस्त्यावर जागा शोधायची, नाहीतर धंदा गुंडाळायचा. परंतु जी वाट मेली, तिच्यावरूनच पुन्हा गिऱ्हाईक येऊ शकते का? अमेरिकेच्या पूर्व भागात पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन अशी सुमारे ५४० किलोमीटरची सायकलची वाट आहे. या प्रश्नाचे उत्तर तिथल्या छोट्या गावांनी दिले आहे. म्हणून तिची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

मालाच्या दोन वाटा

पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर, वॉशिंग्टन ही राजधानी आणि दोहोंच्या मध्ये ॲलेगनीचे डोंगर. हे डोंगर ओलांडून माल कसा न्यायचा, हा तेथील व्यापाऱ्यांपुढचा जुना प्रश्न होता. १८२८ साली पोटोमॅक नदीच्या काठाने चेसापीक अँड ओहायो नावाचा कालवा खोदायला सुरुवात झाली. कालव्यात नाव आणि काठावरच्या पायवाटेवर तिला दोराने ओढणारी खेचरे, अशी ही वाहतूक होती. नाव वरच्या पातळीवर चढवण्यासाठी ७४ ठिकाणी दरवाजे असलेले पाण्याचे हौद बांधले गेले. पॉ पॉ या ठिकाणी डोंगर पोखरून ३,११८ फुटांचा बोगदा काढला. त्याला सुमारे ६० लाख विटा लागल्या आणि चौदा वर्षे गेली. मजुरांची मजुरी थकली, दंगे झाले, कंपनी कर्जात बुडाली.

१८५० साली कालवा कंबरलँड गावापर्यंत, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर पोहोचला. पण रेल्वे त्याच गावात आठ वर्षे आधी, १८४२ सालीच येऊन उभी होती! कालवा डोंगरापलीकडे कधी गेलाच नाही. कोळसा वाहत तो कसाबसा चालला आणि १९२४ च्या पुरानंतर बंद झाला.

रेल्वेने कालव्याला मागे टाकले, पण पुढे याच भागातील एका रेल्वेमार्गावरही तीच पाळी आली. कंबरलँडपासून डोंगर चढून कॉनेल्सव्हिलपर्यंत वेस्टर्न मेरिलँड कंपनीने १९१२ मध्ये मार्ग पुरा केला होता. १९७५ मध्ये तो बंद पडला. खाणी आटल्या, कोकच्या भट्ट्या विझल्या आणि १९८० च्या दशकात पिट्सबर्गच्या आसपासचे पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद झाले. या मार्गावरील गावे रेल्वे आणि कोळसा यांच्यावरच उभी होती. मजुरांचे पगार थांबले, तशी त्यांच्या भरवशावर चालणारी दुकानेही थांबली आणि तरुण मंडळी कामासाठी गाव सोडून गेली.

जमीन एकसंध राहिली

अशा बंद मार्गाची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर पुढची गोष्ट घडलीच नसती. कालव्याच्या जागी मोटार रस्ता करण्याची योजना होती. एका वर्तमानपत्राने तिला पाठिंबा दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिले की, आधी ही वाट माझ्याबरोबर चालून पाहा. मार्च १९५४ मध्ये ते स्वतः कंबरलँडहून वॉशिंग्टनपर्यंत पायी गेले. लोकमत फिरले आणि १९७१ साली कालव्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

रेल्वेमार्गांसाठी तेथील संसदेने १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. गाडी बंद पडली तरी मार्गाची जमीन मोडायची नाही, तूर्त ती पायी व सायकलने जाणाऱ्यांना द्यायची आणि पुढे गरज पडली तर रेल्वे परत आणायची, असा तिचा आशय आहे. आमच्या वाट्याचा रेल्वेमार्ग मात्र संस्थांना बऱ्याच अंशी पदरचे पैसे घालून विकत घ्यावा लागला. १९८६ मध्ये ओहायोपाइल गावाजवळ पहिले १४-१५ किलोमीटर खुले झाले. पिट्सबर्गपर्यंतचा शेवटचा तुकडा जोडायला २०१३ साल उजाडले. कंबरलँड ते पिट्सबर्ग या २४० किलोमीटरच्या भागाला ग्रेट ॲलेगनी पॅसेज म्हणतात. सत्तावीस वर्षांच्या या कामात गावोगावच्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे.

डोंगर असून चढ नाही

डोंगराळ मुलुखात सामान्य माणूस सायकलने कसा जाणार, अशी शंका येईल. तिचे उत्तर जुन्या इंजिनात आहे. वाफेच्या इंजिनाला जड मालगाडी घेऊन उभा चढ चढता येत नसे. म्हणून रेल्वेने डोंगर कापले, दऱ्यांवर पूल बांधले आणि वाट लांबवून चढ कमी केला. कंबरलँडकडून निघाले तर ३९ किलोमीटरमध्ये साधारण १,७८० फूट चढावे लागते, म्हणजे शंभर फुटांमागे दोन फुटांपेक्षाही कमी. माथ्याची उंची २,३९२ फूट आहे. तेथून पिट्सबर्गकडे उतार इतका मंद आहे की तो डोळ्यांना जाणवतही नाही. वाटेत सुमारे एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा आणि कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरचा १,९०८ फूट लांबीचा सॉल्सबरी पूल लागतो. कालव्याची पायवाट तर खेचरांसाठीच केलेली. तिच्यावर चढ येतो तो फक्त पाण्याच्या हौदांपाशी.

त्यामुळे येथे शर्यतीचे पट्टीचे सायकलस्वारच येतात असे नाही. साठी ओलांडलेली जोडपी येतात, लेकराबाळांसह कुटुंबे येतात. घाई कोणालाच नसते. व्यापाराच्या दृष्टीने खरी मेख येथेच आहे.

सावकाश येणाऱ्या गिऱ्हाईकाचा हिशेब

कंबरलँड ते पिट्सबर्ग हे अंतर मोटारवाला दोन-अडीच तासांत कापतो. पेट्रोल आणि फार तर एक कॉफी, एवढाच त्याचा वाटेतला खर्च. सायकलवाला दिवसाला ५० ते ६० किलोमीटर जातो. म्हणजे त्याला हेच अंतर जायला चार ते पाच दिवस लागतात. तीन-चार रात्री मुक्काम आणि रोज तीन वेळचे जेवण आलेच. दिवसभर पाय मारलेल्या माणसाची भूक किती असते, हे खानावळवाल्याला सांगायला नको. त्यातच सायकलवर सामान जास्त बांधता येत नाही, म्हणून जे लागेल ते रोजच्या रोज वाटेतच घ्यावे लागते.

कालव्याच्या वाटेवर ठरावीक अंतरावर तंबू ठोकायला फुकट जागा आहेत आणि पाण्याचे हातपंप आहेत. मुक्काम फुकट झाला तर धंद्याचे काय, असे वाटेल. पण तंबूवालाही वाण्याकडे येतो, गरम जेवण शोधतो आणि तीन दिवसांनी एका रात्रीसाठी पलंग व अंघोळीला गरम पाणी मागतो.

कोणाच्या हाताला काम मिळाले?

पहिला मान सायकल कारागिराचा. ही वाट डांबरी नाही. बहुतेक ठिकाणी चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे. ती धूळ चेनमध्ये जाते, फ्रीव्हीलमध्ये बसते. पंक्चर, तुटलेला स्पोक, चाकाचा आऊट काढणे, ब्रेक बदलणे ही कामे प्रवासाच्या मध्येच निघतात आणि गिऱ्हाईक थांबून राहते. याच दुकानांतून भाड्याच्या सायकली मिळतात. काही जणांनी गाडी ठेवली आहे. एका गावी सायकल व माणूस सोडायचा, त्याचे सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवायचे, असा जोडधंदा त्यांनी उभा केला.

दुसरे काम घरमालकांना मिळाले. मुले शहरात गेल्यामुळे रिकाम्या पडलेल्या जुन्या घरांत रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी मिळू लागली. कालव्यावर पाण्याचे दरवाजे सांभाळणाऱ्यांची जी दगडी घरे होती, त्यांपैकी काही दुरुस्त करून रात्रीच्या भाड्याने दिली जातात. मेयर्सडेलचे १९१२ चे रेल्वे स्टेशन आता प्रवाशांचे माहितीकेंद्र व संग्रहालय आहे. रॉकवूडच्या जुन्या गिरणीत दुकाने थाटली आहेत. कंबरलँडहून फ्रॉस्टबर्गपर्यंत धावणाऱ्या पर्यटक गाडीत सायकल चढवता येते. ज्याला चढ नको, तो गाडीने वर जातो आणि सायकलने उतरत येतो!

नुसत्या वाटेने धंदा येत नाही

वाट झाली की पैसा आपोआप आला, असे मात्र नव्हे. बरीच गावे वाटेपासून थोडी बाजूला किंवा वर आहेत. बाजारपेठ कोणीकडे हे कळले नाही, सायकल लावायला जागा दिसली नाही, दुकानाला कुलूप दिसले, की प्रवासी पुढे निघून जाई. हे ओळखून छोट्या धंद्यांना भांडवल देणाऱ्या प्रोग्रेस फंड या संस्थेने २००७ मध्ये वाटेवरच्या गावांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. दुकानदारांना दिलेला सल्ला अगदी साधा होता. वाटेपासून बाजारपर्यंत पाट्या लावा, दुकानापुढे सायकल अडकवायला कठडा बसवा, गिऱ्हाईक येते त्या वेळी दुकान उघडे ठेवा.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, २०१९ या एका वर्षात या वाटेमुळे परिसरात १२ कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाल्याचा अंदाज दिला आहे. त्यात प्रवाशांनी प्रत्यक्ष केलेला खर्च आणि त्यातून पुढे फिरलेला पैसा, दोन्ही धरले आहेत.

उणी बाजूही पाहिली पाहिजे. धंदा मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच. हिवाळ्यात बर्फापासून जपण्यासाठी बिग सॅव्हेज बोगद्याची दारेच बंद केली जातात. सात महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे, तर दुसरा आधार लागतो. शिवाय खाण आणि भट्टीने जितक्या माणसांना कायमची मजुरी दिली, तितक्यांना सायकलची वाट पोसू शकत नाही. ती गावाला पुन्हा श्रीमंत करत नाही, पण मुख्य पेठेतील दुकानांची दारे उघडी राहतात.

आपल्यापुरते

आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पोट पाना, पंप आणि पाण्याची घमेली यांवर चालते. काहींच्या लहान खानावळी आहेत, काहींची लॉजे आहेत. या हकिकतीतून त्यांनी तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, गिऱ्हाईक किती वेगाने जाते यावर ते किती थांबेल हे ठरते आणि जितके थांबेल तितके खर्च करेल. दुसरी, एकट्या दुकानाने वाट चालत नाही. पंक्चरवाला, खानावळवाला आणि मुक्काम देणारा, तिघेही एकमेकांच्या गिऱ्हाइकावर जगतात. तेव्हा शेजाऱ्याच्या दुकानाचा पत्ता आपल्या भिंतीवर लिहिण्यात तोटा नाही. तिसरी, जुनी इमारत, जुनी जागा आणि जुने कसब घाईने मोडीत काढू नये. वाट मेली असे सगळे म्हणत असताना ज्यांनी जमीन आणि हत्यारे जपली, त्यांच्याच दाराशी पुढे सायकली येऊन उभ्या राहिल्या.