पऱ्हाटी जाळूं नका

अमरावती व अकोला जिल्ह्यांत कापूस वेंचून झाला म्हणजे पऱ्हाटी जाळण्याचा प्रघात अद्याप आहे. गुलाबी बोंडअळीच्या भयास्तव ती शेतांत उभी ठेवूं नये, हें खरें. परंतु ती जाळिल्यानें अवर्षणानें गांजलेली जमीन ओल धरून ठेवणाऱ्या खतास मुकते.

कुजविण्याचें कार्य अदृश्य जंतु करितात. त्यांस हवा, ओलावा व नत्र हीं पाहिजेत. पऱ्हाटींत नत्र थोडें, म्हणून तिचा भुगा करून त्यांत शेण, गोमूत्र व माती मिसळावी लागते. सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथें बसविलेली ही रीत १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. पुढें पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनीं भिंतींत भोकें ठेवलेल्या विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धति काढिली. तींत सुमारें १४०० किलो काडीकचऱ्यास १०० किलो शेण पुरतें, व तीन-चार महिन्यांत खत तयार होतें.

दुष्काळांत गुरें विकलीं जातात, शेण आटतें. तेव्हां हीच काटकसर मोलाची. टाक्यास पाणी मात्र पुष्कळ लागतें. यास्तव पऱ्हाटीचा भुगा वेळींच करून ठेवावा, व पहिल्या पावसाबरोबर गांवोगांव टाकीं भरावीं, अशी आमची विनंती आहे. मदतीच्या धान्यानें चालू वर्ष निभतें. पुढील वर्षाचा आधार जमिनींतच घालावा लागतो.