प्राप्तिकर गेला तर कारेगावच्या खिशात काय पडेल?

'इन्कम टॅक्स सरळ रद्द करा' ही मागणी कानाला गोड लागते. सुब्रमण्यम स्वामी ती वर्षानुवर्षे करत आले आहेत. अनिल बोकील यांच्या अर्थक्रांती चळवळीने तर तिचा आराखडाच मांडला आणि 2016 च्या नोटाबंदीनंतर तो महाराष्ट्रात घरोघरी पोचला. रांजणगाव एमआयडीसीला खेटून वसलेल्या कारेगावात शेतकरी, कंत्राटी कामगार, खोल्या भाड्याने देणारे आणि छोटे व्हेंडर असे सगळेच आहेत. या गावाच्या हिशेबाने ही मागणी तपासली की चित्र बदलते.

गैरसमज : पगारातून दर महिन्याला टॅक्स कापतात, तो सुटेल.

बहुतेक कामगारांच्या पगारपत्रकावर प्राप्तिकर नसतोच. जे कापले जाते त्यातले पीएफचे 12 टक्के ही कामगाराची स्वतःची बचत. ईएसआयचे 0.75 टक्के दवाखान्यासाठी. प्रोफेशनल टॅक्स राज्य सरकारचा : महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500 रुपये. यापेक्षा जास्त घ्यायचा नाही, अशी मर्यादा संविधानाच्या अनुच्छेद 276 नेच घातली आहे. उद्या प्राप्तिकर रद्द झाला तरी यातला एक रुपयाही कमी होणार नाही. शिवाय 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 12 लाख 75 हजारांपर्यंत. लाइनवर उभ्या राहणाऱ्या पोराचा पगार या रेषेच्या जवळपासही नाही.

शेतीच्या उत्पन्नावर तर 1886 च्या कायद्यापासूनच केंद्राचा प्राप्तिकर नाही. मात्र शेतात चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या, तर ते भाडे शेतीचे उत्पन्न ठरत नाही. हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते.

गैरसमज : थोडेच लोक हा कर भरतात, गेला तर सरकारचे काय बिघडणार?

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्राप्तिकराचा अंदाज 14.38 लाख कोटी रुपये होता. त्या अंदाजानुसार सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या प्रत्येक रुपयातले 22 पैसे प्राप्तिकराचे, तर 18 पैसे जीएसटीचे होते. कर्जाचे 24 पैसे सोडले तर एवढा मोठा दुसरा स्रोत नव्हता. हा पैसा सगळा दिल्लीत राहतो असेही नाही. केंद्राच्या विभाज्य करांतला 41 टक्के वाटा राज्यांना जातो. गावोगावच्या कामांच्या फलकावर 'पंधरावा वित्त आयोग' असे लिहिलेले असते, तो निधीही केंद्राच्याच तिजोरीतून येतो.

एवढे मोठे भगदाड कशाने तरी बुजवावे लागेल, आणि हाताशी असतो तो वस्तूंवरचा कर. मोबाइलवरचा 18 टक्के जीएसटी कंपनीचा मॅनेजर जेवढा भरतो तेवढाच हेल्परही भरतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : प्राप्तिकर रद्द करणे म्हणजे तो आज ज्यांना लागत नाही त्यांच्या डोक्यावर ओझे सरकवणे. हे अन्यायाचे आहे.

दुबईचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे पगारावर कर नाही, पण 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे आणि 2023 पासून कंपन्यांच्या नफ्यावर 9 टक्के कर. शेजारच्या ओमानने तर 2028 पासून मोठ्या उत्पन्नावर 5 टक्के प्राप्तिकर लावण्याचा कायदा केला आहे. तेलावर जगणारे देशही त्या वाटेला लागले आहेत.

गैरसमज : बँक व्यवहारावर 2 टक्के लावा, बाकी सगळे कर काढून टाका, प्रश्न मिटला.

अर्थक्रांतीचा हा मुद्दा गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यामागची कळकळ खरी आहे. आयातशुल्क सोडून सगळे कर रद्द, मोठ्या नोटा बंद आणि बँकेत पैसे जमा होताना एकच छोटा कर, अशी ती मांडणी. दोन टक्के दिसायला किरकोळ, पण तो प्रत्येक टप्प्यावर लागतो. पोलादाच्या व्यापाऱ्याकडून प्रेसशॉप, तिथून जोडणी करणारा व्हेंडर, मग मोठी कंपनी, शेवटी डीलर. पाच वेळा पैशांचा हातबदल झाला की पोलादाच्या मूळ किमतीवर 10 टक्क्यांहून जास्त कर चढतो, आणि जीएसटीत मागच्या कराची वजावट मिळते तशी इथे नाही. जी कंपनी सगळे भाग स्वतःच्याच छपराखाली बनवते तिला हा कर कमी लागेल; कारेगाव-रांजणगावातल्या चार मशिनच्या वर्कशॉपचे काम तिच्याकडे वळेल. नफा झाला की तोटा, हेही हा कर विचारत नाही.

आपण याची छोटी चव घेतलीही आहे. 2005 मध्ये बँकेतून मोठी रोकड काढण्यावर 0.1 टक्के कर लागला आणि 2009 मध्ये मागे घेतला गेला. ब्राझीलमध्ये असाच बँक व्यवहार कर 1997 ते 2007 चालला, 0.38 टक्क्यांपर्यंत गेला आणि बंद झाला. प्राप्तिकर मात्र तिथे होता तसाच राहिला.

खरी अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. मजूर पुरवणाऱ्या छोट्या ठेकेदाराच्या बिलातून 1 टक्का टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर तो पैसा त्याचाच असतो, पण विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. 'आपल्याला इन्कम टॅक्स लागत नाही' म्हणून तो भरत नाही आणि रक्कम तिकडेच पडून राहते. पॅन क्रमांकावरचा फॉर्म 26एएस प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर फुकट पाहता येतो. किती कापले गेले ते त्यात दिसते.